उंबऱ्याबाहेरचा झेंडा

वाडी, पोस्ट टेंभुर्णी, जि. जालना
१४ मार्च १९९९

कुलूप तोडावं लागलं, कडूबा भाऊ. किल्ली ट्रंकेबरोबर आली नाही. टेंभुर्णीच्या लोहारानं हातोडा उचलला, मग झाकणावरचं ह्यांचं नाव वाचलं, हातोडा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि मग घाव घातला.

मी सत्यशीला. तुम्ही ह्यांच्या पेटीबरोबर आलात त्या दिवशी मी बायकांमध्ये होते. तुम्ही मला पाहिलं नसेल. हे पत्रात तुमच्याबद्दल लिहायचे, की पलटणीत जालन्याचा आणखी एक आहे, कुंभार पिंपळगावचा, आणि तो झोपेत ज्वारीची राखण करतो, पाखरं हाकलतो. त्यामुळं मला तुम्ही ओळखीचे वाटता.

ट्रंकेत गणवेश, एक स्वेटर, इनॅमलचा मग, माझी पत्रं आणि तुमच्या दोघांचा बर्फातला फोटो होता. स्वेटर आत्याबाईंनी घेतला. तो हातात धरून त्यांनी मला विचारलं, "एवढ्यावर भागत व्हतं का गं त्याचं? थंडी वाजत असंल." वरून कोट असतो, असं मी म्हणाले. पेटी उघडू दिली नाही, म्हणून अंगावर काय होतं ते आम्हांला कुणालाच माहीत नाही. वर झेंडा होता एवढंच माहीत आहे.

त्याच्याबद्दल विचारायचं होतं. तो झेंडा केवढा असतो? सगळ्यांना सारखाच मिळतो का? पाण्यात धुतला किंवा उन्हात राहिला तर रंग टिकतो का? सहज विचारते आहे. अग्नी द्यायच्या आधी तुम्ही तो घडी करून मामंजींच्या हातात दिलात, तेव्हा मी लांब होते. मला तो जवळून दिसला नाही.

सत्यशीला

•

५६ एपीओ
२ एप्रिल १९९९

सत्यशीला वहिनींस, कडूबाचा नमस्कार.

किल्ली माझ्याकडे राहिली. भुजंगच्या गळ्यात होती. ती काढताना मी खिशात टाकली आणि विसरलो. आता कुलूपच नाही, तर किल्लीचं काय करायचं? तूर्त ठेवतो.

झेंड्याचं विचारलंत, बरं वाटलं. तुम्हांला तो भिंतीवर लावायचा असेल, असं वाटतं. तसं करू नका. घरावर तो फक्त पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी अशा दिवशीच लावता येतो, आणि सूर्य मावळायच्या आत उतरवावा लागतो. शहिदाच्या पेटीवरचा तर आणखी वेगळा. त्याला घडी करून ट्रंकेत ठेवायचं. कडुलिंबाचा पाला घाला, कसर लागणार नाही. धुवायची गरज पडू नये. पडलीच तर आपटू नका, पिळू नका.

भरतीनंतर आम्हांला झेंड्याचा एक तास असायचा. वर केशरी, तो त्यागाचा. मधला पांढरा सत्याचा. खालचा हिरवा जमिनीचा. मधल्या चक्राला चोवीस आरे. पूर्वी त्या जागी चरखा होता. स्वातंत्र्याच्या थोडं आधी, जुलै सत्तेचाळीसला, चरखा काढून चक्र घेतलं. भुजंगनं शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलं, का काढला? उस्ताद म्हणाले, चरखा एका बाजूनं सरळ दिसतो, पलीकडून उलटा. चक्र दोन्हीकडून सारखंच. वाऱ्यात कुठल्या का बाजूला उभे असा.

भुजंगला ते फार आवडलं होतं. पहाऱ्यावर आम्ही कुठल्या बाजूला उभे आहोत ते कळायचं नाही, तेव्हा तो म्हणायचा, कडूबा, इकडून बराबर दिसून राह्यलं, तिकडून कसं दिसतं?

पेटीवर झेंडा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात. मी स्वतः ठेवला. काढताना तो जमिनीला लागू दिला नाही. तुमच्या सासऱ्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो कसा धरला ते मला आठवतं. दोन्ही हात पुढं, अंगापासून लांब. मान दुसरीकडे. मला वाटलं, बापाचं दुःख.

मोठा ऐवज आहे, वहिनी. सांभाळा.

कडूबा

•

वाडी
२५ एप्रिल १९९९

कडूबा भाऊंस नमस्कार.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं, पण चक्रापर्यंतच. पुढचं वाचलं नाही.

झेंडा घरात नाही.

आमच्याकडे मढ्यावरचं कापड उंबऱ्याच्या आत येत नाही. अग्नी दिला की सगळे ओढ्यात अंघोळ करतात. कापड तिकडंच राहतं, ओढ्याच्या काठच्या बाभळीवर. शाल असो, लुगडं असो, नवं कोरं असो. ते घरात आणलं तर मागोमाग आणखी एक जातं, असं मानतात. तुम्ही सॅल्यूट केला, जीप गेली, माणसं ओढ्याकडे वळली. मामंजींच्या हातात झेंडा होता. त्यांनी तो बाभळीवर ठेवला आणि अंघोळीला उतरले.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी पळत गेले, तेव्हा बाभळीवर नुसते काटे होते. तीन दिवस वारं होतं. शेतं पाहिली, बांध पाहिले.

मी मामंजींना विचारलं. ते खळ्यात बसले होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"म्या सात-आठ वर्सांचा असंन. चावडीवर पिवळा झेंडा व्हता, निजामाचा. मधी पांढरा गोल, भाकरीवानी. लोक कुलचा म्हणायचे त्याला. एक दिस तो उतरिवला अन् ह्यो चढिवला. बापानं मला खांद्यावर घेतल्तं. म्हन्ला, रायभान, मान वर कर, झेंडा वर बघायचा असतो. तवापून म्या तसाच पाह्यला. वर असतो त्यो झेंडा. माझ्या हातात दिला ते माझ्या पोरावरचं कापड व्हतं. ते म्या घरात कसं आनू? तुला घरात ठिवून?"

मी म्हणाले, मामा, तो वेगळा होता. ते म्हणाले, "कुनी सांगितलं मला?"

भाऊ, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे आता त्यांनाही कळलं आहे. शेताकडे जायची सरळ वाट बाभळीवरून आहे. ते ती सोडून टेकाडामागून वळसा घालून जातात. बैलसुद्धा आता आपोआप तिकडे वळतात.

मी काय करू ते कळवा.

सत्यशीला

•

५६ एपीओ
१२ मे १९९९

वहिनी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

मी तो झेंडा विमानात, आगगाडीत, ट्रकमध्ये एका क्षणासाठीही सुरकुतू दिला नाही. जालन्याला ट्रक धक्का खाऊन थांबला तेव्हा पेटीवर आडवा झालो, झेंड्यासाठी. आणि तुम्ही तो बाभळीवर टाकला. फाटक्या लुगड्यांच्या जोडीला.

मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. ह्या वयाच्या माणसाला झेंडा सांगावा लागतो? शाळेतल्या पोराला कळतं.

काय करू म्हणून विचारता. मला माहीत नाही. आम्ही इथून हलतो आहोत. कुठं ते लिहिता येत नाही. पत्र पाठवू नका, पोचणार नाही.

कडूबा

•

वाडी
२० जून १९९९

कडूबा भाऊ,

पोचणार नाही म्हणालात, तरी लिहिते.

सगळा गाव आबारावांच्या टीव्हीपुढं असतो. ते सरपंच आहेत. टीव्ही त्यांनी ओट्यावर आणून ठेवला आहे. डोंगर दाखवतात, तोफा दाखवतात, मग पेट्या. प्रत्येक पेटीवर झेंडा. मामंजी मागं उभे राहतात, मोठ्यांच्याही मागं. पेटी दिसली की पुढं येतात. काल एका गावातला बाप दाखवला. त्याच्या हातात घडी केलेला झेंडा होता आणि तो त्याला छातीशी धरून होता. मामंजी तेवढं पाहून निघून आले. जेवले नाहीत.

रागावा, पण सुखरूप रहा.

आत्याबाई तुमच्या नावानं रोज दिवा लावतात. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं.

सत्यशीला

•

लष्करी दवाखाना, पुणे
१९ सप्टेंबर १९९९

सत्यशीला वहिनींस, कडूबाचा नमस्कार.

तुमचं जूनचं पत्र फिरत फिरत इथं आलं. पायाला थोडं लागलं आहे. विशेष नाही.

मे महिन्यातलं माझं पत्र सापडलं तर चुलीत घाला.

जूनअखेर मला पुन्हा एका पेटीबरोबर पाठवलं होतं. आपल्याच मराठवाड्यातलं गाव, नाव लिहीत नाही. ह्या वेळी मी शहाणा होतो. अग्नी द्यायच्या आधी पोराच्या बापाला बाजूला घेतलं आणि समजावलं, की बाबा, हा झेंडा तुमच्या हातात देतील, तो टाकायचा नाही, हा मान आहे, तुमच्या पोराला देशानं दिलेला. बाप शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "बरं. ठेवतो. पन ठेवू कुठं? देवापाशी ठेवावं तर मढ्यावरचं हाय. कपड्यांत ठेवावं तर झेंडा हाय. तुमीच सांगा, सायेब, जागा."

 ट्रंकेत ठेवा, कडुलिंबाचा पाला घाला, असं म्हणालो. तुम्हांला लिहिलं होतं तसंच. तो माझ्याकडे बघत राहिला. भुजंगचे वडील मान फिरवून उभे होते ते मला त्या वेळी दिसलं. आधी दिसलं नव्हतं.

आम्हांला झेंडा चढवायला शिकवतात, उतरवायला शिकवतात, पेटीवर घालायला शिकवतात. पुढं घरात त्याचं काय होतं ते शिकवत नाहीत. शिकवणारे कधी घरापर्यंत येत नाहीत. मी दोनदा आलो आणि दोन्हीदा जीपमध्ये बसून लगेच निघालो.

रायभानमामांना माझा नमस्कार सांगा. झेंड्याचं काही बोलू नका.

कडूबा

•

वाडी
८ डिसेंबर १९९९

कडूबा भाऊंस नमस्कार.

पायाचं लिहिलंत ते फार थोडं लिहिलंत. आत्याबाई म्हणतात, "विशेष न्हाई म्हन्ला म्हंजी विशेष हाय." कळवा.

इथं एक गोष्ट झाली आहे आणि तुमच्याशिवाय सांगायला कुणी नाही. प्रजासत्ताकाला आता पन्नास वर्षं होतात. आबारावांनी ग्रामसभेत ठराव मांडला, की शाळेत काचेची पेटी करायची, त्यात ह्यांचा झेंडा ठेवायचा आणि सव्वीस जानेवारीला तालुक्याचे साहेब बोलावून ती उघडायची. उन्हाळ्यातल्या लढाईपासून सगळ्यांनाच आपल्या गावचा जवान आठवू लागला आहे. फेब्रुवारीत अग्नीच्या वेळी आबाराव नव्हते, ते लग्नाला गेले होते.

मामंजी उपरण्यानं तोंड पुसत राहिले. तेव्हा आबाराव म्हणाले, "अहो रायभानराव, घरात ठिवून काय लोणचं घालायचं का त्याला? गावाचा बी हाय तो." लोक हसले. कारभारी म्हणून एक आहे, त्यानं मागून म्हटलं, "असंल तर देतील ना! म्या तर त्या दिशी बाभळीवर कायतरी पाह्यल्तं." मग कुणी हसलं नाही. आबाराव म्हणाले, झेंड्याचा अपमान केला तर तीन वर्षं आत जावं लागतं, मस्करीत बी असं बोलू नये. आणि मामंजींकडे पाहिलं.

मामंजी म्हणाले, "हाय. घरात हाय. देतो."

 त्या रात्रीपासून ते गोठ्यात झोपतात. त्यांनी आयुष्यात तराजूत खोटं केलं नाही, आणि हे सगळ्या गावापुढं बोलून बसले. मी त्यांना ओळखते, भाऊ. सव्वीस तारखेला तिथं रिकाम्या हातानं उभं राहण्याआधी ते काहीतरी करून घेतील. ओढ्याच्या विहिरीकडे मी त्यांना एकटं जाऊ देत नाही. पाणी मीच आणते.

झेंडा सापडला पाहिजे. दहा महिन्यांनी कापड कुठं शोधायचं?

सत्यशीला

•

पुणे
१९ डिसेंबर १९९९

सत्यशीला वहिनींस,

मी इथल्या खादी भांडारातून झेंडा आणवला आहे. त्याच मापाचा. दोनदा धुवून, उन्हात घालून तो जुना करता येईल. काचेआड ठेवल्यावर कुणी ओळखणार नाही. मीसुद्धा ओळखणार नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण रायभानमामांच्या जिवापुढं हे काहीच नाही. तुम्ही हो म्हणा, लगेच पार्सल करतो.

भुजंग असता तर काय म्हणाला असता ह्याचा विचार करतो आहे. इकडून बराबर दिसून राह्यलं.

कडूबा

•

वाडी
१२ जानेवारी २०००

कडूबा भाऊंस नमस्कार.

पार्सल करू नका. झेंडा सापडला.

दर वर्षी ह्या दिवसांत मेंढरंवाले येतात. आमच्याच भावकीतले, पण शेती नसलेले. रात्री मेंढरं आपल्या रानात बसवतात, खत होतं, आपण त्यांना ज्वारी देतो. काल मी ज्वारी घेऊन गेले. पालाजवळ दोन काठ्यांना झोळी बांधली होती, त्यात लेकरू झोपलं होतं. झोळी वाऱ्यानं फिरली आणि मला चक्र दिसलं. बरोबर लेकराच्या पाठीखाली.

केशरी रंग हळदीच्या पाण्यासारखा झाला आहे. हिरवा अजून आहे. दोन टोकं दोरीनं काचली आहेत, एका बाजूला वीतभर फाटला आहे.

तिचं नाव सुगंधाबाई. माझ्याच वयाची असेल. मी विचारलं, हे कापड कुठलं?

"मागल्या साली इथंच घावलं. काट्यात आडकून फडफडत व्हतं, बांधावर. लय चांगलं सूत हाय, बाई. लेकराला दुसऱ्या कशात झोपच येत न्हाई."

हा झेंडा आहे, मी म्हणाले.

"झेंडा हाय ते दिसतं की. पन कुनाचा?"

सरकारचा, म्हणाले. ती घाबरली. "मंग सरकार आमाला धरंल का?" नाही धरणार, म्हणाले, पण मला तो परत पाहिजे.

तो कशावरून काढलेला आहे ते मी तिला सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर तिनं लेकरू तिथल्या तिथं ओढ्यात बुचकळलं असतं आणि पुढं लेकराला साधी सर्दी झाली तरी रात्रभर रडत बसली असती. बाभळीवरून तो उडाला आणि बांधावर आला, तेवढ्या वाटेत त्याचं नुसतं कापड झालं होतं. मी ते तसंच राहू दिलं. बरोबर केलं का, ते मला माहीत नाही.

मी घरी येऊन माझं हिरवं पातळ नेलं. लग्नातलं. आता मला ते नेसायचं नाही. सुगंधाबाईनं पदर हाताला लावून पाहिला आणि म्हणाली, "एवढं भारी? झोळीला?" मी म्हणाले, हो, झोळीलाच. तिनं लेकरू मला धरायला दिलं आणि झोळी सोडली, नवी बांधली. तेवढा वेळ ते माझ्याकडे होतं. जागं झालं नाही.

झेंडा आणला, पण उंबऱ्यात थांबले. आत्याबाई दारात होत्या. बाजूला झाल्या नाहीत. मग गोठ्यात गेले. ह्यांची ट्रंक तिथं मागवून घेतली आणि तिच्यात ठेवला. मामंजी उठून बसले. मी झाकण उघडं ठेवून बाहेर आले.

मामंजींनी तो उलगडून पाहिला. मग म्हणाले, "फाटलाय."

असा फाटलेला झेंडा काचेच्या पेटीत ठेवता येतो का? नियम काय आहे ते लवकर कळवा. दिवस थोडे आहेत.

सत्यशीला

•

कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी
१७ जानेवारी २०००

सत्यशीला वहिनींस, कडूबाचा नमस्कार.

तुमचं पत्र पुण्याहून इकडे पाठवलं गेलं. मी घरी आलो आहे. डावा पाय घोट्याखाली नाही. आधी लिहायला हवं होतं. आत्याबाईंना सांगा, त्यांचं बराबर होतं.

म्हणून मी येत नाही. येण्यासारखा आहे, एसटीत बसता येतं. पण मी कुबडीवर आलो तर लोक माझ्याकडे बघतील, आणि रायभानमामांचं बोलणं माझ्या आड लपेल. ते त्यांचं त्यांनाच बोलू द्या. बोलतील असं मला वाटतं.

मी आमच्या सुभेदारसाहेबांना फोन करून नियम विचारला. लिहून घेतला आणि बराच वेळ नुसता वाचत बसलो. फाटलेला, विटलेला झेंडा लावायचा नाही, दाखवायचा नाही. काचेत तर नाहीच. तो नष्ट करायचा. सगळाच्या सगळा, तुकडे न करता. चारचौघांत नाही, खासगीत. मानानं. आणि शक्यतो जाळून.

आम्हांला शिकवलं होतं, की झेंडा चितेवर जाऊ द्यायचा नाही. ते खरंच आहे. पण तोच नियम सांगतो, की फाटला तर त्याला अग्नी द्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

तुम्ही त्या बाईला सांगितलं नाहीत ते बराबर केलंत.

झेंड्याचं जे कराल ते रायभानमामांच्या हातून करा. घडी करून द्या. केशरी बाजू वर. मी दिली होती तशी नको. मी सॅल्यूट करून मागं सरलो होतो. तुम्ही जवळ उभ्या रहा.

कडूबा

•

वाडी
२७ जानेवारी २०००

कडूबा भाऊंस नमस्कार.

पायाचं आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे त्याला. भाकर खाऊन जाऊ दे." त्यांनी एवढंच म्हटलं, पण दिव्यात तेल जरा जास्त घातलं.

तुमचं पत्र मी मामंजींना गोठ्यात वाचून दाखवलं, पूर्ण. ते म्हणाले, "जाळायचा म्हनतो?" मी म्हणाले, नियम म्हणतो. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आन् परवा शाळेत?" त्याला नियम नाही, मामा, मी म्हणाले.

पंचवीसला संध्याकाळी दूध काढून आत्याबाई गोठ्यातून आल्या त्या ट्रंक ओढत. मी धावले. उंबऱ्याशी त्या थांबल्या नाहीत. ट्रंकेचा कोपरा चौकटीला आपटला, तिथला टवका निघाला आहे. मी म्हणाले, आत्याबाई, आत? त्या म्हणाल्या, "भाईर थंडी हाय." त्यांनी ती आपल्या अंथरुणाजवळ ठेवली. मामंजी त्या रात्री घरात झोपले.

काल सकाळी शाळेत सगळा गाव होता. तालुक्याचे साहेब आले नाहीत, त्यांना दुसरीकडे जावं लागलं. शाळेचा झेंडा चढला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. मामंजींनी मान वर करून पाहिलं, पोरांसारखी. मग आबाराव काचेच्या पेटीजवळ गेले आणि म्हणाले, आता वीरपिता रायभानराव.

मामंजी रिकाम्या हातांनी पुढं गेले. मी बायकांमधून पाहत होते. 

ते म्हणाले, "म्या ग्रामसभेत खोटं बोल्लो. झेंडा त्या दिशी म्या बाभळीवर ठिवला. मढ्यावरचं कापड ठिवतेत तसा. मंग तो उडाला, सापडला, फाटलेला हाय. काचंत ठिवन्याजोगा न्हाई. कारभाऱ्यानं पाह्यलं ते खरं व्हतं."

कारभारी खाली बघत होता. आबाराव म्हणाले, "अहो, पन हे... मोठ्या लोकांच्या कानावर गेलं तर? झेंडा हाय तो! तुमी त्याला मढ्यावरचं कापड समजलात?"

तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला. आत्याबाई उठून उभ्या होत्या. चार माणसांत त्या कधी बोललेल्या नाहीत. आबाराव नात्यानं त्यांचे दीर लागतात, म्हणून त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि मग बोलल्या. "मंग कशावरचं व्हतं, आबाराव? माझ्या पोरावरचंच व्हतं ना? का दुसऱ्या कुनाच्या?"

 हेडसर आपल्या बुटांकडे पाहत होते. एका लहान पोरीनं विचारलं, सर, खाऊ कधी? तिला कुणी गप्प केलं नाही. मग हेडसरांनीच खाऊ वाटायला सांगितला.

पेटी अजून तिथंच आहे, रिकामी. मधल्या सुट्टीत पोरं तिच्या काचेत तोंड बघतात.

ऊन कलल्यावर आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. ह्यांना अग्नी दिला तिथंच. मामंजींनी गोवऱ्या रचल्या, थोडं तूप घातलं. मी झेंड्याची घडी केली, तुम्ही लिहिलं होतं तशी. फाटकी टोकं आत गेली. केशरी बाजू वर ठेवून मी तो मामंजींच्या हातात दिला आणि मागं सरले नाही.

त्यांनी तो ह्या वेळी अंगाशी धरला. बराच वेळ. मग खाली वाकून ठेवला. म्हणाले, "मान खाली घालून झेंडा म्या आज पयल्यांदा पाह्यला." सुती कापड लवकर पेटतं, चक्र शेवटी गेलं. आत्याबाई रडल्या. फेब्रुवारीत त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा समोर नुसती बंद पेटी होती.

मेंढरं पलीकडच्या रानात गेली आहेत. जाताना सुगंधाबाई दारात थांबली होती, लेकरू पाठीशी हिरव्या पातळात बांधलेलं.

आज सकाळी मामंजी एकटेच उठून ओढ्यावर गेले. त्यांनी राख सावडली, जाफ्राबादला जाऊन नदीत सोडली आणि दुपारच्या आत परत आले. येताना ते बाभळीच्या वाटेनं आले.

सत्यशीला